लादलेलं घोडं जाईल एवढा बोगदा

ग्यानबा, गोदावरीच्या, तुझ्या भाषेत गंगेच्या, काठावरून तुला घेऊन येणारा टेम्पो आमच्या देखत गावावरून पुढे निघून गेला. आम्ही पन्नास-साठ माणसं दूध संस्थेच्या पटांगणात उन्हात उभी होतो. तुझ्या पोरानं, सोपाननं, फोनवर सांगितलं होतं की ड्रायव्हरनं नव्या रस्त्यावरून गाडी घेतलीय, लवकर पोचू. तो रस्ता अजून सुरू झालेला नाही, नुसता मुरूम दाबून ठेवलाय. पण कंत्राटदाराच्या हायवा गाड्या त्यावरून पळतात, म्हणून टेम्पोवाल्यानंही गाडी वर चढवली. भरावावरून टेम्पो येताना दिसला. मागच्या हौद्यात तुझ्यावर तुझंच घोंगडं पांघरलेलं आणि शेजारी सोपान गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. खालून कोणीतरी हात केला, त्यानंही वरून हात केला. टेम्पो थांबला नाही, कारण थांबून उपयोग नव्हता. दोन पुरुष उंचीचा भराव, उतरायला वाट नाही. पार सिरसाळ्याच्या अंगाला जाऊन, तिथून खाली उतरून, जुन्या रस्त्यानं माघारी यायला त्याला पाऊण तास लागला. वहिनी तोवर दारात तशाच बसून होत्या. तू असतास तर म्हणाला असतास, "बघ दत्त्या, मेल्यावरबी वळसाच हाय."

सकाळी मेंढ्या उठवायची वेळ झाली तरी तू उठला नाहीस, एवढंच सोपान सांगू शकला. खरं सांगतो, मला तुझा राग आला. माणसानं चार दिवस अंथरूण धरावं, जवळच्यांना उशाशी बसू द्यावं, कोणाचं काही बोलायचं राहिलं असेल तर बोलू द्यावं. तू तेवढी सवड दिली नाहीस. आणि मला बोलायचं होतं. दोन वर्षं बोलायचं होतं.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुझं जे काही लिहायचं ते आजवर मी लिहिलं. दुसरीपर्यंत आपण एका तरटावर बसलो, मग तुझ्या बापानं तुला शाळेतून उचलून मेंढरांमागं लावलं. माझ्या बापाकडे मेंढरं नव्हती, म्हणून मी शिकत राहिलो. हे तूच लोकांना मोठ्या कौतुकानं सांगायचास, "ह्येच्या बापाजवळ काईच नव्हतं, म्हून ह्यो शिकला." रेशनकार्डाचा अर्ज, सोपानचा दाखला, वहिनींच्या माहेरी धाडायची पत्रं, सगळं माझ्या हातचं. लिहून झालं की तू म्हणायचास, आता वाच. मी वाचायला लागलो की तुझं वाक्य मी कुठं सुधारलंय ते तुला अचूक कळायचं. मग "ह्ये मी न्हाई म्हनलो" असं म्हणून तू ते खोडायला लावायचास. आता हे जे लिहितोय त्यातलं किती तू शिल्लक ठेवलं असतंस कोण जाणे.

लोकरीच्या संस्थेवरून आपण आयुष्यभर भांडलो. मी दूध संस्थेचा सचिव, नियम-पोटनियम तोंडपाठ, म्हणून तू माझ्या मागं लागलास की दुधाची संस्था हाय तर लोकरीची कावून न्हाई. आपण घरोघर फिरून सभासद जमवले, नोंदणी केली. आणि मी नियमाचा पक्का माणूस, पहिल्या सभेची तारीख टाकली पौषात. पौषात! सगळे मेंढपाळ तेव्हा गंगेच्या काठाला. सभेला मी, संस्थेचा शिपाई आणि तालुक्याहून आलेले तपासनीस, असे तिघं. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करून तपासनीस निघाले, तेवढ्यात तुझा निरोप आला की सभासद तिकडं येत न्हाईत तर सभाच इकडं आना. आणि आम्ही खरंच गेलो. कापूस काढलेल्या रानात मेंढ्या बसलेल्या, चारी बाजूंना कुत्री, मधोमध घोंगडीवर तपासनीस मांडी घालून इतिवृत्त लिहितायत आणि एक कोकरू त्यांच्या पिशवीचा बंद चघळतंय. सगळे ठराव एकमतानं मंजूर झाले. पुढं लोकर कोणी घेईना आणि तीन वर्षांत संस्था गुंडाळावी लागली. तू म्हणायचास मी बुडवली, मी म्हणायचो बाजारानं बुडवली. शेवटपर्यंत तू माझं ऐकलं नाहीस आणि मी तुझं.

पण त्या पौषातल्या सभेनं मला एक गोष्ट शिकवायला हवी होती. आपल्या गावात माणसं आणि जनावरं कधी असतात, कधी नसतात, हे कागद घेऊन येणाऱ्या माणसाला ठाऊक नसतं. ते सांगायचं काम गावातल्या लिहिणाऱ्याचं. मी हसून ती गोष्ट सोडून दिली.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. परळीच्या वीज केंद्राच्या धुराड्यांतून धूर निघायचा बंद झाला, तिथंही पाणी नव्हतं. संस्थेनं पटांगणात चारा छावणी उघडली आणि गावातली म्हैस न् म्हैस, बैल न् बैल आमच्याकडे दाव्याला आला. दसरा झाला तशा टोळ्या ऊसतोडीला गेल्या. जी घरं कधी जात नाहीत तीही त्या वर्षी गेली. सरपंच स्वतःच मुकादम, तोही टोळी घेऊन कर्नाटकात. तू नेहमीपेक्षा महिनाभर आधीच मेंढ्या घेऊन निघालास. गावात उरलो म्हातारी माणसं, छावणीतली जनावरं आणि मी.

अशात नव्या रस्त्याच्या आखणीची तीन पोरं आली. शहरात शिकलेली, अदबीनं बोलणारी, उन्हानं बेजार झालेली. रस्ता जिथून जाणार तिथं माणसं, बैलगाड्या, जनावरं किती ये-जा करतात ते तीन दिवस बसून मोजायचं आणि त्यावरून रस्त्याखालून वाट ठेवायची की नाही ते ठरणार, असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मी त्यांना संस्थेतून चहा धाडला. आपल्या माळाच्या वाटेवर ती पोरं बाभळीखाली बसली. चांगल्या वर्षी त्या वाटेनं सगळ्या गावची जनावरं पलीकडच्या माळावर आणि तळ्यावर जातात. तुझ्यासारख्या अकरा घरांच्या मेंढ्या जातात. उन्हाळा सरता सरता पलीकडच्या रानांत मेंढ्या बसवायला शेतकरी तुमची वाट बघत असतात, कारण तेवढं खत त्या रानाला दुसरीकडून मिळत नाही. त्या तीन दिवसांत पोरांना काय दिसलं? सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या दोघी म्हाताऱ्या आणि एक शेळी.

चौथ्या दिवशी त्यांनी कागद आणला. सरपंच नाही, ग्रामसेवक तालुक्याला, म्हणून गावातला जबाबदार माणूस म्हणून माझ्यापुढे ठेवला. नेमका तेव्हाच छावणीवर चाऱ्याचा ट्रक आलेला, बायका रांगेत ओरडतायत, एक बैल दावं तोडून थेट कडब्यात घुसलेला. मी कागद वाचला. सदर ठिकाणी जनावरांची नियमित ये-जा आढळून आली नाही, असं त्यात होतं. त्या तीन दिवसांत ती आढळली नव्हती, हे खरंच होतं. मी सही केली, वर संस्थेचा शिक्का मारला. शाई नीट उमटली नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला.

ग्यानबा, तो कागद मी दिला. हेच मला सांगायचं होतं.

रस्ता व्हावा असं मला मनापासून वाटत होतं, हेही लपवत नाही. संस्थेच्या ओट्यावर बसून मी सगळ्यांना ऐकवायचो की आता आपलं दूध नासायच्या आत शहरात जाईल. तू तंबाखू मळत ऐकून घ्यायचास आणि हळूच विचारायचास की दूध जाईल रं, पन म्हस चरायला कुठून जाईल ते बघितलं का. सगळे हसायचे, मीही हसायचो. तू रस्त्याच्या विरोधात कधीच नव्हतास. मोर्चासाठी तुला बोलवायला आलेल्यांना तू सांगितलंस की रस्ता होऊ द्या, लोकांचं भलं होऊ द्या, मला फक्त खालून वाट पाहिजे. एवढं साधं मागणं ऐकून ते लोक नाराज होऊन गेले.

भराव पडला त्या उन्हाळ्याअखेर तू मेंढ्या घेऊन परतलास. पुढची मेंढी भरावापाशी येऊन थांबली आणि तिच्यामागं सगळा कळप थांबला. अर्धा दिवस तू त्यांच्याबरोबर तिथंच उभा होतास, असं मला नंतर सोपाननं सांगितलं. मग तू संस्थेत आलास. पाणी प्यालास आणि म्हणालास, "दत्त्या, लिव." मी पहिला अर्ज लिहिला. तो लिहिताना माझ्या डोक्यात तो कागद आलाच नव्हता, यावर तू विश्वास ठेवला असतास की नाही मला माहीत नाही. छावणीच्या त्या गडबडीत मी त्याच्यासारखे कितीतरी कागद शिक्का मारून सोडले होते.

आठवण झाली ती रस्ते खात्याचे साहेब पाहणीला आले त्या दिवशी. भरावाखाली तू, मी, तुझा कळप आणि गाडीतून उतरलेले साहेब. तू हातवारे करून वाट कुठून होती ते दाखवत होतास. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, इथं जनावरं जात नाहीत असा अहवाल आहे, तुमच्याच गावानं तसं लिहून दिलंय.

तू हसलास. "साहेब, असं लिवून द्यायला आमच्या गावात हाय कोन? लिवनारा येकच मानूस, अन् त्यो माज्या बाजूला हुबा हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याजवळ त्या वेळी कागद नव्हता, सही कोणाची ते त्यांना माहीत नव्हतं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसलो. परतताना तू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास की कुन्या परगावच्यानं परस्पर शिक्का हाणला असंल, आपन शोधून काढू त्याला. मी हं म्हणालो.

त्यानंतर मी तुझ्यासाठी सहा अर्ज आणखी लिहिले. एकेक आधीच्यापेक्षा भारी. तिसऱ्यात मी पशुधनाची कुचंबणा असं काहीसं लिहिलं, तर तू म्हणालास, कुचंबना कशाला, मेंढरं तहानली म्हनून लिव. दर वेळी उत्तर यायचं की पूर्वीच्या अहवालानुसार मागणी मान्य करता येत नाही. लिफाफा फोडायच्या आधीच आत काय आहे ते मला माहीत असायचं आणि तरी मी तो तुझ्यासमोर फोडून, पहिल्यांदाच कळल्यासारखा चेहरा करून वाचून दाखवायचो. सुरुवातीला वाटलं, आधी वाट मिळवून देऊ, मग हसत हसत सांगू. वाट मिळाली नाही आणि सांगणं दर महिन्याला अवघड होत गेलं. तुझं ते साहेबांपुढचं वाक्य मी कितीदा मनात ऐकलं असेल. तुझा माझ्यावर एवढा भरवसा होता, तो मला सोडवत नव्हता. भित्रेपणा म्हण. तू म्हणालाच असतास.

दिवाळीनंतर तू शेवटचा निघालास तेव्हा घोडं लादताना मी तिथं होतो. भांडी, पाल, वर उलटी बाज, बाजेच्या चौकटीत बांधलेल्या कोंबड्या. उन्हाळ्यात परळीला सुनावणी लागणार असं पत्र आलं होतं. तू म्हणालास, मी तवा गंगेला असन, माझं काय काम, तू हाय की. मी म्हणालो, ग्यानबा, थांब जरा, एक बोलायचंय. तू थांबलास. तेवढ्यात घोडं बिथरलं, एक कोंबडी सुटली, सोपान तिच्यामागं पळाला, आणि तू हसत हसत म्हणालास, आल्यावर बोलू की बे. मला तेवढंच पाहिजे होतं. मी म्हणालो, बरं, आल्यावर.

सुनावणी नेमकी तुझ्या दहाव्याच्या दिवशी आली. मी घाटावर थांबलो नाही. गावानं बोल लावला, लावू दे. सकाळच्या बसनं परळीला गेलो. साहेबांनी अहवाल वाचून दाखवला, वाटेची गरज सिद्ध होत नाही असं म्हणाले आणि पुढचं प्रकरण घ्यायला लागले. मी उभा राहिलो. 

"साहेब, या अहवालावरची सही माझी आहे."

त्यांनी कागद वर करून बघितला, मग मला. न वाचता केली होती का, असं विचारलं. हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. मी म्हणालो, "वाचून केली. विचार न करता केली." मग मी त्यांना सगळं सांगितलं. टोळ्या कधी जातात, कधी येतात, छावणी होती तेव्हा जनावरं कुठं होती, मेंढ्या कोणत्या महिन्यात त्या वाटेनं जातात. अर्धा तास बोललो असेन. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, हे सगळं लेखी द्या. दिलं. साध्या शब्दांत दिलं, तुला खोडायला काही मिळालं नसतं. संचालक मंडळानं माझा राजीनामा मागितला नाही, पण संस्थेचा शिक्का आता कपाटात असतो आणि किल्ली अध्यक्षांकडे. बरोबर आहे त्यांचं.

साहेबांनी मोजणी पुन्हा लावली, या खेपेला टोळ्या परतल्यावर आणि मेंढ्या आल्यावर. गावातल्या चार जणांनी शेजारच्या गावातून शेळ्या-मेंढ्या उसन्या आणायचा बेत केला होता. मी त्यांच्यावर असा ओरडलो की मलाच नवल वाटलं. आपलं आहे तेवढंच जाईल, म्हटलं. बायका-पोरं, म्हशी, बैल आणि शेवटी सोपान तुझा कळप घेऊन आला. मोजणारा मुलगा बिचारा तिसऱ्या मिनिटाला चुकला. सोपाननं मेंढ्या कोंडायची जाळी, वाघुर, लावून मधे दोन मेंढ्यांपुरती फट ठेवली आणि त्याला जोडी-जोडीनं मोजायला शिकवलं, तू शिकवलं होतंस तसं.

परवा साहेब स्वतः आले. भरावावर काँक्रीट पडायच्या आधी तो कापून खालून वाट द्यायची, हे त्यांनी मान्य केलं. चुन्याच्या रेषा मारल्या. उंचीवर येऊन अडलं. मेंढ्यांना माणूस वाकून जाईल एवढा बोगदा पुरे, असं त्यांचं म्हणणं. तिथं वहिनी होत्या, पदर घेऊन मागं उभ्या. पहिल्यांदाच बोलल्या. "अन् घोडं?" सोपाननं तिथल्या तिथं घोडं लादलं, बाजेसकट. साहेबांनी जमिनीपासून बाजेच्या वरच्या पायापर्यंत टेप धरला आणि तेवढं माप, वर हातभर सोडून, कागदावर घातलं. बांधून होईल तेव्हा खरं, पण माप लिहिलं गेलंय. मी दोनदा वाचलं.

एक तुला सांगायचं राहिलं. परळीहून परतलो त्याच दुपारी, अंगावरची धूळही न झटकता मी वहिनींकडे गेलो. गावातून कानावर जाण्याआधी माझ्या तोंडून जावं म्हणून. सगळं सांगितलं, चष्मा पुसत बसलो होतो तेही. त्यांनी चुलीवर आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं झालं भाऊजी, त्येंच्या जित्तेपनी सांगितलं न्हाई. तुमच्याबगर त्येंला होतं कोन?" आणि मला चहा दिला.

त्यांनी तुझ्या वतीनं मला माफ केलं. मोठ्या मनाची बाई आहे. मी हात जोडले आणि घरी आलो, पण ग्यानबा, मला ते पुरलं नाही. तुझा राग चार दिवसांचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मी सांगितलं असतं तर तू माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्यास. चार दिवस संस्थेपुढून मान फिरवून गेला असतास, मी वहिनींकरवी धाडलेला निरोपही घेतला नसतास. आणि पाचव्या दिवशी ओट्यावर येऊन बसला असतास, तंबाखू मळत, काही झालंच नाही असा. ते चार दिवस मी तुला दिले नाहीत. म्हणून पाचवा मला मिळाला नाही.